ठाण्यात हवेत हात हलवून मॉड्युलर किचन ठरवलं: त्या थ्रीडी सिस्टिमचा रिव्ह्यू

घाईत असाल तर एवढंच वाचा. घरात रोज ओट्यासमोर जी व्यक्ती उभी राहते तिलाच शोरूममध्ये घेऊन जा, हेडसेट (डोळ्यांवर बांधायचा थ्रीडी पडदा) तिलाच घाला आणि किचनचं मॉडेल तिच्याच हातात द्या, मग १५०० रुपये फी वसूल आहे. घरातला टेक्निकल माणूस एकटा जाऊन बघून आला आणि "भारी आहे" म्हणाला तर किचनला त्याचा काडीचा उपयोग नाही.

आता सविस्तर. आमचं घर चरईत, जुनी बिल्डिंग, किचन ८ बाय ७ फुटांचं, ओटा कडप्प्याचा, खाली उघडे कप्पे आणि त्यात वाकून वाकून डबे काढायचे. आईचे गुडघे आता ते करू देत नाहीत म्हणून ट्रॉल्या करायचं ठरलं. घोडबंदर रोडला मानपाड्याच्या पुढे एक शोरूम आहे, तिथली माणसं घरी येऊन माप घेऊन जातात, त्याचं थ्रीडी मॉडेल बनवतात आणि मग तुम्ही हेडसेट लावून त्या मॉडेलमध्ये खऱ्या मापात उभे राहता आणि कपाटं, सिंक, शेगडी सगळं नुसत्या हाताने धरून, ओढून, सरकवून बघता, हातात रिमोट नाही, माउस नाही, काही नाही. दुकानाचं नाव देत नाहीये, कारण मला लिहायचंय ते या हाताने चालवायच्या प्रकाराबद्दल, तुमच्या जवळच्या दुकानात असंच काही असेल तर तिथेही हेच मुद्दे लागू होतील.

मी रबाळे एमआयडीसीत डाय-मोल्डच्या डिझाईनला आहे, थ्रीडी मॉडेल फिरवणं हे माझं रोजचं काम, त्यामुळे मी हे सगळं जरा जास्तच बारकाईने बघितलं. सॉलिडवर्क्स या आमच्या डिझाईनच्या सॉफ्टवेअरमध्ये माउसचं मधलं बटण दाबून हलवलं की मॉडेल फिरतं, सोबत कंट्रोल दाबलं की सरकतं, शिफ्ट दाबलं की झूम होतं. एवढी बटणं लागतात कारण कुठलीही वस्तू तीन दिशांना सरकू शकते आणि तीन अक्षांभोवती फिरू शकते, झाल्या सहा हालचाली, आणि माउस टेबलावर जातो फक्त दोन दिशांना, मग उरलेलं सगळं बटणांवर टाकावं लागतं आणि ते शिकायला नवीन मुलांना वेळ लागतो. हाताला हे शिकवावं लागत नाही. मनगट वळवत हात पुढे नेला की सहाही हालचाली एकदम होऊन जातात, आपण डबा फडताळात ठेवताना हेच करतो आणि कधी विचारही करत नाही.

आईने आयुष्यात माउस धरलेला नाही. मोबाईलवर व्हॉट्सॲप आणि कीर्तनं, बास. शोरूममधल्या मुलाने तिला हेडसेट नीट बसवून दिला, म्हणाला, "काकू, समोरच्या ट्रॉलीचं हँडल चिमटीत धरा आणि ओढा." तिने ओढलं, ट्रॉली बाहेर आली, आणि पुढच्याच क्षणी ती आपली आपण सगळी हँडल ओढत सुटली, वरची कपाटं उघडली, कोपऱ्यातला कप्पा उघडला, आणि कोणी काही विचारायच्या आत म्हणाली, "ही ट्रॉली पूर्ण उघडली की मला मागे सरकायला जागाच नाही, पाठ फ्रीजला लागेल." डिझायनरने दाखवलेल्या कागदावर हे आम्हाला कोणालाच दिसलं नव्हतं, कागदावर सगळी कपाटं बंद असतात ना. मला ही सिस्टिम पटली ती इथे.

ज्या खुणा शिकवाव्या लागल्या नाहीत त्या अशा: चिमटीत धरून ओढणं, धरून सरकवणं, मनगटाने वळवणं, आणि दोन्ही हातांनी कपाटाच्या दोन कडा धरून हात लांब केले की कपाट रुंद होणं. ही शेवटची खूण आईला सांगितली सुद्धा नव्हती, तिने आपणहून केली, चादर ताणताना करतो तोच हात. अजून एक मोड आहे त्यात अख्खं किचन भातुकलीएवढं होऊन समोर तरंगतं आणि तुम्ही ते दोन्ही हातांनी फिरवून वरून, मागून, कुठूनही बघू शकता. डिझाईनवाल्यांना हा मोड आवडतो, मलाही आवडला, खिडकीचा उजेड आणि सिंकची जागा यांचा मेळ मला त्यात पटकन लागला. आईला मात्र त्यात अजिबात रस नव्हता. तिला खऱ्या मापातच उभं राहायचं होतं, आणि तिचं बरोबर होतं, स्वयंपाक काही वरून बघून करत नाहीत.

मूठ का नाही, चिमटीच का, हे मी त्या मुलाला विचारलं पण त्याला सांगता आलं नाही, म्हणून इथे लिहिते कारण मला हे फार आवडलेलं आहे. हवेत वस्तू धरताना हाताला काहीच लागत नाही, धरलं की नाही हे फक्त डोळ्यांना कळतं. पण चिमटी केली की स्वतःचा अंगठा स्वतःच्या बोटाला टेकतो आणि "धरलं" हे बोटालाही कळतं. कॅमेऱ्यालाही सोपं, अंगठ्याच्या टोकापासून बोटाच्या टोकापर्यंतचं अंतर किती एवढंच बघायचं. हेडसेटवरचे कॅमेरे हाताकडे बघत असतात आणि सॉफ्टवेअर त्या चित्रातून सांधे कुठे आहेत याचा अंदाज लावतं, आता हेडसेटसाठी जे कॉमन स्टँडर्ड आहे, ओपन-एक्सआर, त्यात एका हाताचे २६ बिंदू धरलेले आहेत. २०१९ च्या डिसेंबरात ओक्युलस क्वेस्ट या हेडसेटला नुसत्या हातांनी चालवायची सोय आली तेव्हाही निवडायला चिमटीच होती, आणि २०२४ मध्ये ॲपलचा व्हिजन प्रो हेडसेट आला त्यातही नजरेने बघायचं आणि चिमटी करायची. एवढ्या वेगवेगळ्या लोकांनी फिरून फिरून त्याच खुणेवर यावं यात काहीतरी आहेच.

आणि हेडसेट का लागतो, नुसता मोठा टीव्ही का नाही, तर त्यालाही कारण आहे. २०१० मध्ये किनेक्ट आलं ते टीव्हीखाली ठेवून अख्ख्या अंगाची हालचाल बघायचं, २०१३ मध्ये लीप मोशनची छोटी पट्टी आली, ती टेबलावर ठेवायची आणि तिच्या वर हवेत हात धरायचा. दोन्हींत हात एकीकडे आणि वस्तू समोरच्या स्क्रीनवर दुसरीकडे, म्हणजे मनात सतत हिशोब करत राहायचं की मी इथे एवढा हलवला तर तिथे किती हलेल. हेडसेटमध्ये कपाट जिथे दिसतं तिथेच हात जातो. आईसारख्या माणसाला हा फरक जमीन-अस्मानाचा आहे.

आता उंची. आमच्या डिझायनरने ओटा ३४ इंच धरला होता, तो सगळीकडे साधारण तेवढाच धरतात. आई ४ फूट १० इंच. ती त्या ओट्यासमोर उभी राहिली आणि तिने पोळी लाटायचा हात केला. कोणी सांगितलं नव्हतं. मग कणीक मळायचा हात केला, मळताना अंगाचा भार खाली द्यावा लागतो, आणि लगेच म्हणाली खांदे वर जातायत. कोपरापासून साधारण ४ ते ६ इंच खाली ओटा असावा असा एक नियम आहे, पण तिला नियमाची गरजच पडली नाही, तिने ओट्याची कड चिमटीत धरून खाली ओढली, परत लाटून बघितलं, परत थोडी वर, आणि ३१ वर थांबली. मग शेगडीकडे वळली आणि मोठ्या पातेल्यात डाव फिरवायचा हात केला, आणि म्हणाली पातेल्यात आत काय चाललंय ते मला दिसणार नाही. कारण शेगडी ओट्याच्या वर बसते, तिची उंची वेगळी, त्यावर पातेलं, म्हणजे हात पार वर. ते बघून शेगडीपुरता ओटा अजून थोडा खाली घ्यायचं ठरलं. मी इतकी वर्षं डिझाईनमध्ये आहे आणि माणसाच्या हातासाठी एखादं माप इतकं थेट ठरताना मी बघितलेलं नाही. इतके दिवस आम्ही स्क्रीनसमोर बसून तिला विचारत होतो, "आई, उंची ठीक आहे ना?" आणि ती म्हणत होती, "हो, असेल ठीक." माउस डिझायनरच्या हातात होता, ती बिचारी काय सांगणार. इथे मॉडेल तिच्या हातात आलं आणि ती बोलायला लागली.

आता जे जमत नाही ते.

मेन्यू उघडायला तळहात आपल्याकडे करून चिमटी करायची आणि मग दुसऱ्या हाताच्या बोटाने हवेतली बटणं दाबायची. हे कोणालाही आपोआप सुचणार नाही. रोजच्या जगण्यात ही हालचाल कुठेच नाही, त्यामुळे दर वेळी परत सांगावी लागते, आणि मेन्यूतली अक्षरं इंग्रजीत. मराठी नाही तर निदान चित्रं तरी मोठी टाका. कपाट काढून टाकायचं असेल तर तेही मेन्यूतूनच. आईने नको असलेलं कपाट काढायला हाताची मागची बाजू करून सारलं, ओट्यावर सांडलेलं पीठ सारतो तसं. सिस्टिमला काही कळलं नाही. मला तिथे वाटलं की खुणा ठरवायची खरी जागा हीच आहे. २००९ मध्ये जेकब वॉब्रॉक आणि त्यांच्या सोबतच्या संशोधकांनी टचच्या टेबलासाठी हेच केलं होतं, टेक्निकल नसलेल्या २० लोकांना २७ कमांडचे परिणाम दाखवले आणि विचारलं, हे घडवायला तुम्ही हात कसा कराल, एकदा एका हाताने आणि एकदा दोन्ही हातांनी, त्यातून १०८० खुणा जमल्या. शोरूमवाल्यांकडे तर रोज गिऱ्हाईक येतं, काकू-मावश्या काय हात करतात ते नुसतं लिहून ठेवलं आणि सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांना पाठवलं तरी पुष्कळ होईल.

बोलून काम होत नाही हा दुसरा मुद्दा. आई सारखी म्हणत होती, "अरे बाळा, हे जरा अलीकडे घे ना", एकीकडे बोट दाखवत. सिस्टिम ऐकत नाही, मग तो मुलगा त्याच्या टॅबवरून सरकवायचा. बोट दाखवायचं आणि तोंडाने सांगायचं ही माणसाची सगळ्यात जुनी सवय आहे, आणि अमेरिकेतल्या एमआयटीत रिचर्ड बोल्ट यांनी १९८० मध्येच भिंतीएवढ्या पडद्यावर हे करून दाखवलं होतं, बोट दाखवून "ते तिथे ठेव" म्हटलं की आकार तिथे जायचा. आता तर मोबाईलला सुद्धा मराठी कळतं, मग इथे का नको.

तिसरं, सोडताना वस्तू सरकते. बरोबर जागी आणून चिमटी उघडली की उघडता उघडता बोटं थोडी हलतात आणि कपाट थोडं पुढे-मागे होतं. हे हवेतल्या सगळ्याच पकडीत होतं, त्यावर उपाय म्हणून त्यांनी भिंतीला आणि शेजारच्या कपाटाला आपोआप चिकटायची सोय ठेवलीये, ती चालू करून घ्या, सुरुवातीला बंद होती. तरीही अर्धा इंच, पाव इंच हे हाताने ठरवायच्या भानगडीत पडू नका. हाताने अंदाज ठरवायचा आणि आकडा टाइप करून घ्यायचा. आमच्या धंद्यात मिलिमीटरच्या शंभराव्या भागावर भांडणं होतात, किचनला तेवढं लागत नाही, पण ट्रॉलीच्या चॅनेलला, म्हणजे ती ज्यावर सरकते त्या पट्टीला, बारीक फरक सुद्धा अडतो.

हात दुखतात. हवेत खांद्याच्या उंचीला हात धरून ठेवला की खांदा भरून येतो. उभ्या टच स्क्रीनच्या काळापासून हे माहीत असलेलं आहे, तरी तो मुलगा आईला वरची कपाटं सलग लावायला सांगत होता. मी थांबवलं. खालची कामं आधी करा, मध्ये खुर्चीवर बसवा, हेडसेटचं वजन मानेवर येतं तेही आहेच. एक हात दुसऱ्याच्या मागे गेला की कॅमेऱ्याला मागचा हात दिसत नाही आणि धरलेली वस्तू सुटते, पदर किंवा ओढणी हातावर आली तरी तसंच, तर पदर खोचून घ्या. बांगड्यांचा काही त्रास झाला नाही. चष्म्यावरून हेडसेट बसतो पण जरा घट्ट. आईची टिकली निघून आतल्या फोमला चिकटली, पर्समध्ये जास्तीचं पाकीट ठेवा. आणि प्रत्येक गिऱ्हाइकानंतर तो फोम पुसायला सांगा, आम्ही सांगितल्यावर पुसला, न सांगता पुसायला पाहिजे.

यापेक्षा मोठी गोष्ट वेगळीच आहे आणि ती मी मुद्दाम ठळकपणे सांगते. या सिस्टिममध्ये सगळंच हलतं. सिंक चिमटीत धरून खिडकीखालून उचललं आणि समोरच्या भिंतीला लावलं, दोन सेकंदांचं काम, आणि बघायला इतकं छान दिसतं की माणूस लगेच हो म्हणतो. पण सिंकच्या खाली ड्रेनेजचा पाईप असतो, त्याला उतार लागतो, जुन्या बिल्डिंगमध्ये तो दुसऱ्या भिंतीला न्यायचा म्हणजे फरशी फोडणं आणि खालच्या घरात गळती होण्याची भीती. गॅसचा पाईप तर मॉडेलमध्ये मीटरसकट सरकवता येतो, खऱ्यात त्याला महानगर गॅसच्या अधिकृत माणसांशिवाय कोणी हात लावायचा नसतो. हाताने वस्तू हलवली की मनाला ती हललेलीच वाटते, चित्रात बघताना एवढं वाटत नाही, आणि म्हणूनच इथे जास्त जपायला पाहिजे. आमच्या कॅडमध्ये, म्हणजे डिझाईनच्या सॉफ्टवेअरमध्ये, जे भाग हलवायचे नाहीत ते फिक्स करून ठेवतात, मग कितीही ओढा, जागचे हलत नाहीत. इथेही पाईप, कॉलम, मीटर, खिडकी हे आधीच फिक्स करून द्यायला पाहिजे, आणि ओढायला गेलं तर लाल व्हायला पाहिजे. मी हे तिथल्या मॅनेजरना सांगितलं, त्यांनी लिहून घेतलं.

वजन कळत नाही हेही त्यातच आलं. ग्रॅनाइटचा ओटा आणि प्लायची फळी हाताला सारखीच, म्हणजे दोन्ही काहीच नाही. हात कपाटातून आरपार जातो. लॅमिनेटचा रंग हेडसेटमध्ये बघून ठरवू नका, सॅम्पलचा तुकडा हातात घेऊन ट्यूबलाइटखाली आणि बाहेर उन्हात बघा. सिंकच्या खालच्या कपाटाला कुठलं प्लाय देणार ते विचारा आणि त्यावर आयएस ७१० चा, म्हणजे पाण्यात टिकणाऱ्या मरीन प्लायचा, शिक्का बघून घ्या, हेडसेट यातलं काही दाखवत नाही.

आणि मापाबद्दल. आमच्या घरी माप घ्यायला जो आला त्याने छताजवळची बीम मोजलीच नाही. मॉडेलमध्ये वरची कपाटं छतापर्यंत छान गेली, आई हात उंचावून लॉफ्ट उघडून बघत होती, आणि माझ्या लक्षात आलं की तिथे बीम आहे, ते कपाट तिथे बसूच शकत नाही. मॉडेलमध्ये खऱ्या मापात उभं राहता येतं त्यामुळे ते खरंच वाटायला लागतं, पण ते टेपने घेतलेल्या मापाइतकंच खरं असतं. त्यांनी परत माणूस पाठवला, पैसे घेतले नाहीत, मॉडेल सुधारलं, आम्ही परत जाऊन बघितलं, या बाबतीत त्यांचं वागणं चांगलं होतं. तुम्ही जायच्या आधी किचनच्या चारही भिंतींचे आणि छताचे फोटो मोबाईलमध्ये घेऊन जा, आणि हेडसेट लावायच्या आधी मॉडेल स्क्रीनवर उघडून फोटोशी ताडून बघा. बीम, पाईप, स्विचबोर्ड, खिडकीची चौकट, सगळं.

बाकी पटकन सांगते. १५०० रुपये ऑर्डर दिली तर बिलातून वजा होतात, नाही दिली तर जातात. शनिवार-रविवारी गर्दी असते आणि मागचा माणूस वाट बघत असला की तो मुलगा घाई करतो, मधल्या वारी सकाळी जा. घोडबंदर रोडचं ट्रॅफिक तुम्हाला माहीतच आहे, तेवढा वेळ धरून निघा. ज्यांना गाडी लागते त्यांना हेडसेटमध्ये गरगरू शकतं, पण इथे आपण स्वतःच्या पायांनी फिरतो, चित्र आपोआप पळत नाही, त्यामुळे आईला काही झालं नाही आणि तिला एसटी लागते.

निघताना त्यांच्याकडून एक प्रिंट मागून घ्या ज्यात तुम्ही हाताने ठरवलेली प्रत्येक गोष्ट आकड्यात असेल, ओट्याची उंची, शेगडीपुरती उंची, ट्रॉली उघडल्यावर मागे उरलेली जागा, आणि त्यावर त्यांची सही. आपणहून देत नाहीत, मागितल्यावर देतात. आमच्या प्रिंटवर ओटा ३१ आणि शेगडीपाशी २८ इंच असं आहे, ऑर्डर दिलीये, माल तळोज्याच्या फॅक्टरीतून येणार आहे. फिटिंगचं वेगळं लिहीन, कारण ते काम करणारी टीम वेगळी आहे.